आमचे साडू आणि त्यांचं 'ड्रॉप इन'

इंग्रजी भाषा या जगात दोनच माणसांना समजली, असं आमच्या साडूंचं ठाम मत होतं. एक म्हणजे ते स्वतः, आणि दुसरा ज्या कोणी ती काढली तो. त्या दुसऱ्याविषयीही त्यांना अधूनमधून शंका यायची. "क्रियापदं चांगली केली हो या माणसानं," ते मला म्हणायचे, "पण त्यांना नाही नाही त्या शेपट्या लावून ठेवल्या आणि हा गेला निघून. आता त्या शेपट्या रिठदच्या पोरांना समजावून सांगायच्या कोणी? मीच ना?" असं म्हणताना त्यांचा चेहरा सात बहिणींची लग्नं अंगावर पडलेल्या भावासारखा व्हायचा.

साडू रिठदच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. एवढ्या एका कारणावरून हा माणूस माझ्या वाट्याला आला. मी वाशिमला तहसील कचेरीत कारकून होतो. माझा स्वभाव तापट आहे असं आमच्या घरात म्हणतात. म्हणोत बापडे. पण या साडूंबरोबर नातं निभावून जो तापणार नाही, तो एक तर साधू असेल नाहीतर बहिरा, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगायला तयार आहे. सारं गाव त्यांना 'सर' म्हणायचं म्हणून मीही 'सर'च म्हणत आलो. उंच, हडकुळा देह, टेरिलीनची पँट, तीही कंबरेला बेल्टनं गोळा करून आणलेली, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे आणि त्या खडूनं कायम पांढरी झालेली छाती. आम्ही दोघंही दीक्षा घेतलेल्या घरांतले. सरांच्या वडिलांनी सारा जन्म दुसऱ्याच्या शेतात सालदारकी केली. म्हातारपणी ते शाळेच्या खिडकीबाहेर लिंबाखाली येऊन बसायचे आणि पोराचं इंग्रजी ऐकायचे. कळायचं एक अक्षर नाही. पण येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "आयका, आयका! माह्या पोराचं इंग्रजी कसं घोड्यावानी पयते!"

ते घोडं फार पळायचं हे खरं, पण कुणीकडे पळेल याचा नेम नसायचा. सरांची शिकवण्याची पद्धत अशी की शब्दाचा मराठी अर्थ म्हणून सांगायचा नाही. "अर्थ सांगायचा नसतो, दाखवायचा असतो," हे त्यांचं ब्रीद. साध्या शब्दांचं एक वेळ ठीक होतं, पण सरांचा जीव शेपटीवाल्या क्रियापदांवर. नुसतं 'पुट' म्हणजे ठेवणं. त्याला 'ऑन'ची शेपटी लावली की अंगात घालणं, 'ऑफ'ची लावली की पुढं ढकलणं, 'आउट'ची लावली की विझवणं. हे 'पुट ऑन' दाखवायला ते ऐन चैत्रात, सकाळच्या शाळेत, घरातले झाडून सारे कपडे गाठोड्यात बांधून घेऊन गेले. सदऱ्यावर स्वेटर, स्वेटरवर लग्नातला कोट, त्यावर बायकोची शाल, डोक्याला कानटोपी. प्रत्येक कपड्याला "आय पुट ऑन!" असं ओरडायचे आणि पोरं मागून ओरडायची. घामानं त्यांच्या मिशा गळायला लागल्या. मग त्यांनी 'टेक ऑफ' घेतलं. शाल काढली, कोट काढला, स्वेटर काढला, सदरा काढला, आणि विषयाच्या भरात हात बेल्टला जाणार तोच हेडमास्तर दारात उभे. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "सर, उरलेलं पोरं घरी करतील." 'पुट आउट'च्या दिवशी तर त्यांनी शाळेमागं काडीकचऱ्याचा ढीग पेटवला. वारा सुटला आणि शेजारच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. ते क्रियापद मग शाळेबरोबर सारं गावच शिकलं. बायकासुद्धा घागरी घेऊन शिकायला आल्या होत्या. कडबेवाल्यानं सरांना ज्या शिव्या दिल्या त्यांनाही बऱ्याच शेपट्या होत्या, पण त्यांचा अर्थ कोणाला दाखवून द्यावा लागला नाही.

हे सगळं गावानं गोड मानून घेतलं. घोडं पेंड खायला लागलं ते 'ड्रॉप इन'पाशी.

पुस्तकात एक धडा होता. त्यात एक साहेब संध्याकाळी फिरायला निघतो, वाटेत मित्राचं घर लागतं म्हणून तिथं 'ड्रॉप इन' होतो, हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलतो आणि पुढं चालायला लागतो. म्हणजे काम नाही, बोलावणं नाही, सहज डोकावायचं आणि निघायचं. सरांनी दारातून आत येऊन, "हॅलो" म्हणून, परत बाहेर जाऊन हे दाखवलंसुद्धा. पण वर्ग नुसता आ वासून बघत राहिला. मागच्या बाकावरचा एक दांडगा उभा राहिला. "सर, त्या साहेबानं च्या नाई घेतला?"

"नाही."

"जेवला?"

"नाही रे."

"पानी?"

"त्याचा उल्लेख नाही."

"काही मांगाले आलता?"

"अरे नाही! सहज आला होता!"

पोरानं थोडा विचार केला आणि म्हणालं, "मंग आलाच काहून?" दुसरा एक जण म्हणाला, "सर, त्याइचं भांडन झालं असंन. पुस्तकवाल्यानं लपवून ठेवलं." यावर साऱ्या वर्गाचं एकमत झालं. तो धडा भांडणाचाच आहे, असं पोरांनी घरीही जाऊन सांगितलं.

त्या रविवारी सर वाशिमला माझ्याकडे आले तेव्हा चेहरा पडलेला होता. "तुम्हाला सांगतो," ते म्हणाले, "हे क्रियापद आपल्याकडे रुजत नाही, कारण ती गोष्टच आपल्याकडे नाही. आपल्या लोकांना माणसाला नुसतं भेटताच येत नाही. माणूस दारात दिसला की धर, बसव, चहा पाज, जेवू घाल, झोपव. त्यांच्याकडे भेट आहे हो. आपल्याकडे नुसता पाहुणचार आहे." मी म्हणालो, "बरं आहे ना मग! रुजू द्या त्यांचं तिकडेच." पण सरांच्या डोळ्यांत ती चमक आलेली होती, जी कडब्याच्या गंजीच्या आदल्या दिवशी मी पाहिली होती. ते एकदम उठले, "सहज आलो होतो, चाललो," म्हणाले आणि खरंच चालायला लागले. वाशिमपर्यंत बसनं आलेला माणूस! आत आमच्या हिनं मोठ्या बहिणीचा नवरा आला म्हणून पोराला मटणाला पिटाळलेलं. ती हातातली परात घेऊन बाहेर आली तर अंगणात फक्त मी. "काय बोलले तुम्ही त्याइले?" तिनं विचारलं. पुढचे दोन दिवस मी या घरात कोणा पाहुण्याला कसा टिकू देत नाही, हेच ऐकत होतो.

तेव्हापासून दर रविवारी सर रिठदमध्ये 'ड्रॉप इन' व्हायला लागले. घरात शिरायचं, उभ्या उभ्या "काय म्हणतं पीकपाणी?" विचारायचं, आणि घरधनी "बसा न जी" म्हणेपर्यंत "सहज आलो होतो, चाललो" असं म्हणून बाहेर पडायचं. आमच्याकडची चूल काही बटण दाबून पेटत नाही. ती फुंकून, धूर खाऊन, दूध कोणाकडून तरी मागून आणून चहा होईस्तोवर सर आणखी तीन घरांत डोकावून झालेले असत. गाव हादरलं. पहिल्या रविवारी सरपंचांना वाटलं, हा माणूस निवडणुकीला उभा राहतो आहे. त्यांनी दोन माणसं मागावर ठेवली. टेलरचाचांच्या दुकानात जाऊन सर तसेच परत फिरले, तर चाचा हातात टेप घेऊन मागं धावले. "मास्टर, हुआ क्या? पतलून ढिल्ली हो गई क्या? हमसे बोलो तो!" एका घरी म्हातारी एकटी होती. तिचा भाऊ शिरपूरला आजारी. सर आत आले, तिच्याकडे पाहिलं, काही न बोलता मान हलवली आणि निघून गेले. म्हातारीनं हंबरडाच फोडला. "माहा भाऊ गेला वो! मास्तरच्या तोंडून शब्द नाई निंगाला वो!" आळी गोळा झाली, दोन माणसं सायकलीवर शिरपूरला धावली. तिथं भाऊ ओट्यावर बसून ज्वारीची भाकर खात होता.

गावानं मग आपल्या परीनं उपाय काढले. आमच्याकडे पाहुण्याला थांबवायचा हमखास इलाज म्हणजे त्याच्या चपला लपवणं. पोरं दबा धरून बसायला लागली. सरांनी चपला काखेत मारून घरात शिरायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, सर चपलेनं मारायला आले. एका धूर्त माणसानं रविवारी सकाळपासूनच चहाची किटली भरून तयार ठेवली आणि सर उंबऱ्यात दिसताच कप तोंडाशी नेला. सर म्हणाले, "हे 'ड्रॉप इन'मध्ये बसत नाही." तो म्हणाला, "मंग तुमीच बसा न सर, त्याले राहू द्या." मला हे सगळं ऐकून हसू यायचं आणि संतापही यायचा. माई तर, म्हणजे सरांची बायको, मला म्हणाली, "भाऊजी, लोक मले इचारतात, सर काहून रागावून राह्यले. मी काय सांगू, इंग्रजीवर का आमच्यावर?"

यातून काही मोडण्यासारखं नव्हतं. गाव शेवटी आपलंच. मास्तर वेडा आहे पण भला आहे, हे सारं गाव जाणून होतं. पण केनवडला ते कोणी जाणत नव्हतं, आणि सर नेमके केनवडला 'ड्रॉप इन' झाले.

सरांची एकुलती एक मुलगी, बेबी. मॅट्रिक झालेली, बापासारखी उंच, पण डोकं आईचं. तिचा संबंध केनवडच्या घरात मीच जुळवून आणला होता. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी, बाप कष्टाळू शेतकरी, थोडीशी काळी जमीन, घरात एक तिखट म्हातारी आजी. मुलगी पाहायला आले तेव्हा बेबीनं मुलाकडे एकदाच पाहिलं आणि मग पोहे वाढताना तिच्या हातातला चमचा दोनदा खाली पडला. माझ्या बायकोनं मला कोपरानं ढोसलं. बोलणी झाली, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवढं राहिलं होतं. बेबी मुद्दाम काही बोलायची नाही, पण केनवडकडून येणारी गाडी आली की अंगणातलं तिचं काम जरा वेळ खोळंबायचं.

त्याच दिवसांत सर कुठल्याशा कामानं रिसोडला गेले होते. परत येताना केनवडला गाडी थांबली, ड्रायव्हर पान खायला उतरला, आणि सरांच्या मनात ते क्रियापद जागं झालं. वाटेत ओळखीचं घर, हातात थोडासा वेळ, काम काही नाही. पुस्तकातला साहेब याहून वेगळं काय करत होता? सर उतरले आणि व्याह्यांच्या घरी गेले. व्याही शेतात कापूस वेचणीवर. दारात म्हातारी आजी होती. होणाऱ्या नातसुनेचा बाप आला बघून ती लगबगीनं पाण्याचा तांब्या आणायला आत गेली. सरांनी अंगणातूनच आवाज दिला, "सहज आलो होतो, चाललो!" आणि गाडी पकडली. गाडीत मोठ्या खुशीत होते म्हणे. पहिल्यांदाच सारं पुस्तकाबरहुकूम झालं होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी व्याही वाशिमला कचेरीत माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. मी खुर्ची सरकवली. ते बसले नाहीत. मी चहा सांगितला. ते म्हणाले, "नको." आमच्याकडचा माणूस चहाला नको म्हणतो तेव्हा मामला चहापुरता राहिलेला नसतो. ते खालमानेनं म्हणाले, "तुमच्या साडूले सांगा, पोरीसाठी दुसरं घर पाहा. आमच्या घरचं पानी त्याइले चालत नाई."

मी कचेरीतून तडक रिठद गाठलं. आयुष्यात इतका कधी तापलो नव्हतो. "अहो, साहेब तिकडे विलायतेत डोकावतो, तुम्हाला काय गरज होती केनवडला डोकावायची? मटण आणायला पोरगं गेलेलं असताना माझ्या घरून उठून गेलात, मी खपवून घेतलं. पण सोयऱ्याच्या घरून पाणी न घेता?" सर चाचरत म्हणाले, "पण त्याचा अर्थ तसा होत नाही हो. 'ड्रॉप इन'मध्ये अनादर नाहीच. मी त्यांना समजावून..." तेवढ्यात बेबी आतून आली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती बापाकडे बघत म्हणाली, "बाबा, तुमी साऱ्या दुनियेले अर्थ दाखवत हिंडले. माह्यं लगन मोडलं, ह्याचा अर्थ मी कोनाले दाखवू?" आणि आत गेली. माईनं पदर तोंडाला लावला. सर खिशातला खडू काढून त्याच्याकडेच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन केनवडला गेलो. अंगणात पाय ठेवला तर बाज भिंतीला उभी टेकवून ठेवलेली. माणसं येताना दिसत असून बाज कोणी आडवी केली नाही, यावरून जे समजायचं ते मी समजलो. व्याही खांबाला टेकून उभे. म्हातारी उंबऱ्यात बसून तूर निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मुलगा शाळेवर गेलेला. आम्ही दोघं भर उन्हात, साक्षीदारांसारखे उभे.

मी सरांना बजावून आणलं होतं की एक शब्द बोलू नका, बोलणं माझ्यावर सोडा. पण ऐकतील ते सर कसले! त्यांनी घसा साफ केला आणि थेट धडाच घेतला. "आजी, त्याचं असं आहे, इंग्लंडात एक पद्धत असते. साहेब संध्याकाळी फिरायला निघतो..." साहेब निघाला, मित्राच्या घरी पोचला, हवापाण्याचं बोलला, परत निघाला. हातवारे करून, अंगणात चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे टाकून सरांनी सारं दाखवलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि तूर निवडतानिवडता म्हणाली, "त्याले घरात कोनी इचारत नसंन, म्हनून हिंडत असंन बिचारा सांजच्याले."

व्याह्यांनी तोंड फिरवलं. ते हसू लपवत होते की राग, कळलं नाही. पण म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं आणि सरांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आयक बापा. आमच्या दारातून पानी न घेता जानारे म्या उभ्या जन्मात लय पाह्यले. पाटील ये. तिथं अंगनातच उभा राहून काम सांगे अन् चालला जाये. सावकार ये, त्याचंबी तसंच. त्याचं मले काही नाई वाटे. ते तसेच व्हते. पन तू तं आपला व्हय न? तू शिकला, मास्तर झाला, तं मले माह्यंच पोरगं शिकल्यावानी झालतं. तुह्यासाठी तांब्या घासला म्या, राख लावून. घेऊन बाहीर येतो, तं तू नाई. मी किती येळ तशीच उभी."

दूर रस्त्यावरून एक बैलगाडी खडखडत गेली. सरांचे हात हवेत होते ते हळूहळू खाली आले. त्यांच्या वडिलांना कोणत्या दारात कुठं उभं राहावं लागायचं, हे त्यांना काही पुस्तकातून शिकायचं नव्हतं. ते मटकन खाली बसले, तसेच मातीत, टेरिलीनच्या पँटीसकट. आणि ज्या माणसाच्या तोंडून मी कधी पुस्तकी बोलण्याखेरीज काही ऐकलं नव्हतं, तो माणूस म्हणाला, "आजी, मले तहान लागली वो."

म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली आणि आत गेली. तांब्या घेऊन आली. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वरून घटाघटा प्यायले. पाणी हनुवटीवरून शर्टावर, शर्टावरच्या खडूवर. "आनखी द्या," ते म्हणाले. म्हातारीनं आणखी दिलं. "आनखी." मला वाटलं, आता हा माणूस रांजण संपवतो. शेवटी म्हातारीच म्हणाली, "पुरे रे बापा, पोट फुटंन. रातच्याले जेवशीन का नाई?" आणि लेकाला म्हणाली, "पाहून काय राह्यला? बाज टाक!"

बाज पडली. विहीणबाईंनी चहा मांडला. कोंबडं कापलं. आणि मग सरांनी जे बूड टेकलं ते टेकलं. दुपारची गाडी गेली, संध्याकाळची गेली. दुसऱ्या दिवशी मला कचेरी होती, सकाळीच मी म्हणालो, "सर, निघू या." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. असं उठून कसं जायचं? बरं दिसत नाही." मी एकटा निघालो. सर कापसाच्या वेचणीला गेले, म्हातारीबरोबर तूर निवडली, होणाऱ्या जावयाच्या शाळेत जाऊन पोरांना 'पुट ऑन' दाखवून आले. शेवटी म्हातारीनंच व्याह्यांच्या कानात विचारलं म्हणे, "काय रे, याले आता जा म्हन्याले इंग्रजीत काही शब्द हाय का?"

लग्न उन्हाळ्यात झालं. विहारासमोर मांडव होता. बुद्धवंदनेच्या वेळी पांढऱ्या साडीत बेबी हुंदके आवरत होती आणि सर उघडउघड रडत होते, अगदी आवाज काढून. पुढच्या वर्षी तो धडा पुन्हा आला तेव्हा सरांनी वर्गाला सांगितलं, "हे क्रियापद परीक्षेपुरतं पाठ करा. गावात वापरू नका." आणि कधी नव्हे तो सरळ मराठी अर्थ फळ्यावर लिहून टाकला.

दोन-तीन वर्षांनी एका सुट्टीच्या दिवशी मी रिठदला गेलो होतो. माई शेतात गेलेली, सर आणि मी ओट्यावर बसलेलो. तेवढ्यात बेबी आली, कडेवर पोरगी. वाशिमला पोरीला डॉक्टरकडे नेऊन केनवडला परत चालली होती. पुढची गाडी येईस्तोवर मध्ये उतरली होती. "बसत नाई बाबा," ती म्हणाली, "वेचणीचे दिवस हाय, घरी सारे वाट पाहून राह्यले. गाडी आली की जातो." सर म्हणाले, "च्या मांडतो. घेऊन जा." आणि स्वतःच आत गेले.

बराच वेळ झाला. आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा. "बाबा, राहू द्या न च्या," बेबी बाहेरून म्हणाली. आतून उत्तर आलं, "झालाच. या स्टोव्हची पिन सापडत नाही. तू बस. पोरीला खाली सोड, तिला खेळू दे." काय घोळ आहे बघावं म्हणून मी आत डोकावलो. स्टोव्ह थंडगार होता. दूध झाकलेलं, साखर काढलेली, कपबशा पुसून मांडलेल्या. सर पाटावर बसले होते, आणि स्टोव्हची पिन त्यांच्या मुठीत होती. दाराच्या फटीतून ते अंगणात बघत होते. पोरगी मातीत बसून दोन्ही हातांनी धूळ उडवत होती, आणि बेबी तिच्याशी काहीतरी बोलत हसत होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एरवी असल्या वेळी त्यांना सोडलं नसतं. त्या दिवशी मात्र सोडलं. बाहेर येऊन मी रस्त्यापर्यंत गेलो. केनवडची गाडी वळणापलीकडे निघून गेली होती, मागं नुसता धुरळा राहिला होता. मी परत आलो आणि बेबीला म्हणालो, "बस तू आरामात. गाडीचा अजून पत्ता नाही."